डोळा लागला का?

डोळेवाल्या काकूंकडे महिन्यातून एखादा तरी माणूस चष्म्याचा नंबर तपासायला येतोच. काकू त्याला हाकलत नाहीत. "या की आत," म्हणतात, "पण मी डोळे तपासत नाही, भरते." हे ऐकून तो आणखीच घाबरतो. एक आजोबा तर आल्या पावली परत फिरले आणि फाटकाशी उभ्या असलेल्या एका धडधाकट गिऱ्हाइकालाही दंडाला धरून सोबत घेऊन गेले.

सगळी भानगड शब्दाची आहे. फांदीवर पानाच्या बगलेत जो बारीकसा कोंब दडलेला असतो, त्याला नर्सरीत डोळा म्हणतात. चांगल्या झाडाचा डोळा सालीच्या छोट्या चकतीसकट कापून घ्यायचा, एखाद्या साध्या रोपाच्या खोडावर तेवढीच खाच करून तिथे बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, याला म्हणायचं डोळा भरणं. खालच्या साध्या रोपाला म्हणायचं खुंट. डोळ्याचं खुंटाशी जमलं की डोळा लागला. नाही जमलं तर वाया गेला. लग्नासारखंच आहे सगळं, फक्त इथे निकाल महिनाभरात लागतो.

काकू हे काम एकतीस वर्षं करत होत्या. नर्सरी काही मोठी नव्हती. पत्र्याची एक शेड, तिच्यात पत्रा ठोकलेलं लांब टेबल, कायम गळणारा नळ, हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा, आणि मागे मॅग्नोलियाची मोठी झाडं. मॅग्नोलिया म्हणजे चाफ्याच्या भाऊबंदांपैकी एक, पण जरा मिजासखोर. मोठ्या मालकांना त्याचं वेड होतं आणि त्यांच्याकडून ते काकूंना लागलं. गुलाबाचे डोळे कुणीही भरावेत, असं काकूंचं मत. गुलाब गरजू असतो, कुठेही चिकटतो. मॅग्नोलियाची मनधरणी करावी लागते.

गिऱ्हाइकांना काकूंनी पहिल्यापासून धाकात ठेवलं होतं. "बुंध्याशी खुरपं घालू नका, मुळं वरवरच असतात. खोल पुरू नका. आज इथे, उद्या तिथे असं हलवू नका. तुमच्या घरातलं सोफ्याचं खूळ याच्यावर चालणार नाही." तरी लोक ते लोकच. एक बाई थंडीत तणतणत आल्या, की तुमच्या झाडावर सुरवंट पडलेत, केसाळ, राखाडी, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक. आणि त्यांनी ते सगळेच्या सगळे, बासष्ट, हातमोजे घालून खुडले होते. काकूंनी कपाळाला हात लावला. मॅग्नोलियाची कळी थंडीत केसाळ कोट घालून बसते, हे त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. "बाई," काकू म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे फुलं येणार नाहीत. पुढच्या वर्षी सुरवंटांना जगू द्या."

अशा या काकूंचा जीव एका झाडात अडकला होता. नर्सरीत त्याला 'पिवळा' म्हणत. काकू कामाला लागल्या त्या पहिल्याच वर्षी मोठ्या मालकांनी चाळीस बिया त्यांच्या हातात ठेवल्या होत्या. काकूंनी त्यांच्यावरचा तेलकट लाल गर चोळून चोळून काढला, बिया ओल्या वाळूत घातल्या आणि तो डबा मालकांच्या घरच्या फ्रिजमध्ये तीन महिने ठेवला. मालकीणबाई रोज फ्रिज उघडून कुरकुरायच्या. चाळीसातल्या सात उगवल्या. सहांना पुढे सरधोपट गुलाबी फुलं आली. सातवं झाड मात्र ढिम्म. दहा वर्षं झाली, बारा झाली, लोक म्हणाले वांझ आहे, काढून टाका. सोळाव्या वर्षी, एकही पान नसलेल्या फांद्यांवर त्याने तीन फुलं उघडली. फिकट पिवळी, देठाशी किंचित गुलाबी, आणि वास असा की काकू टेबलावरचं काम टाकून तिथेच उभ्या राहिल्या. पोटच्या लेकीच्या जन्माच्या वेळी सोळा तास लागले होते. इथे सोळा वर्षं. दोन्ही वेळी आपण सारख्याच रडलो, असं काकू उघड सांगतात.

त्या झाडाचे डोळे मोठ्या मालकांनी कुणाला भरू दिले नाहीत. "एकच आहे म्हणून लोक बघायला येतात," म्हणायचे. ते गेले, नर्सरी त्यांच्या मुलीकडे आली, आणि तीन वर्षांत रस्ता रुंद करायची नोटीस आली. फाटकाकडची पट्टी जाणार होती. पिवळा नेमका त्या पट्टीत.

एवढं मोठं मॅग्नोलिया उचलून दुसरीकडे लावता येत नाही. त्याची मुळं जाड, मांसल, ठिसूळ. तुटली की कुजतात. हे काकूंना सांगायची गरज नव्हती. धाकट्या मालकीणबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"काकू, एकच उपाय आहे."

"माहितीये. डोळे भरते."

"मग ऐका. मुदत चार महिन्यांची आहे. तुम्ही 'डोळा लागला' म्हणेपर्यंत करवतवाल्याला मी फाटकात पाय ठेवू देणार नाही. तुमचा शब्द आला की मगच."

डोळे बारा असोत किंवा बाराशे, नर्सरीत विचारायचं आणि सांगायचं ते एकवचनातच: डोळा लागला. ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण तिनेच पुढे घात केला.

उन्हाळा सरत आला तसे काकूंनी पिवळ्याचे बारा डोळे घरी बसून बारा खुंटांवर भरले. कुंड्या आधीच घरी आणल्या होत्या, कारण नर्सरीत रस्त्याची धूळ. घरामागे सावलीची जागा होती आणि घरात काका होते. काकांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. आता दुकान बंद केलं होतं, पण दुकान दुपारी दोन ते चार बंद ठेवायची सवय तेवढी शिल्लक होती. त्या दोन तासांत काका झोपत. बाहेर ढोल वाजोत, कुकर शिट्ट्या मारो, काका ढिम्म. चाळीस वर्षं काकू त्यावरून बोलत आल्या होत्या आणि चाळीस वर्षं काका "नुसता पडलो होतो, डोळा नव्हता लागला" असं सांगत आले होते.

डोळे भरून दोन दिवस होतात न होतात तोच लेकीचा फोन आला. दिवस भरायला वेळ होता, पण बाळाला घाई होती. काकूंनी बॅग भरली आणि काकांना दारात उभं करून बजावलं, "रोज पाणी. बुंध्याला, वरून नाही. पट्ट्यांना हात लावायचा नाही. प्रत्येक डोळ्याखाली पानाचा देठ ठेवलाय, त्याला धक्का लागता कामा नये. आणि दुपारी जरा जागे राहा, मांजर येतं."

"जा गं निर्धास्त," काका म्हणाले.

लेकीला मुलगी झाली. काकू तिकडे लंगोट, दुपटी आणि जागरणात बुडून गेल्या, पण मन बारा कुंड्यांत. पंचवीस दिवस कसाबसा दम धरला. सव्विसाव्या दिवशी दुपारी तीनला, नात खांद्यावर टाहो फोडत असताना, त्यांनी घरी फोन लावला. काकांचा फोन जुना, बटणांचा. तो अकरा वेळा वाजला.

"अहो, डोळा लागला का?"

आता काकांची बाजूही ऐकली पाहिजे. माणूस गाढ झोपेतून उठलेला, उशीची घडी गालावर, आणि बायको पन्नास कोसांवरून पहिलाच प्रश्न विचारते तो हा. चोराच्या मनात चांदणं. हिला तिथे बसून कसं कळलं, या विचारानेच काकांचं उसनं अवसान गळालं. खोटं बोलायचा धीर झाला नाही.

"हो," ते म्हणाले. "लागला."

"खरंच?"

"आता खोटं कशाला बोलू? चांगलाच लागला."

"अगं बाई! किती बरं वाटलं म्हणून सांगू! अहो, तुमचे उपकार कसे फेडू मी!"

फोन बंद झाला. काका बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसले. चाळीस वर्षांत दुपारच्या झोपेबद्दल त्यांचे कुणी आभार मानले नव्हते. नात झाल्यावर बायका निवळतात म्हणतात ते खरं असावं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पुन्हा आडवे झाले. हे सगळं काकूंना नंतर कळलं.

काकूंनी लगेच धाकट्या मालकीणबाईंना फोन केला. "लागला डोळा."

"नक्की ना, काकू?"

"घरच्या माणसाने सांगितलंय. बोलवा करवतवाल्याला."

शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांचा आवाज कापला. सोमवारची सकाळ ठरली. निदान शेवटचं बघायला तरी आपण असावं, म्हणून काकूंनी लेकीच्या सासूबाईंवर घर सोपवून सोमवारची पहाटेची बस धरली. बस वाटेत पंक्चर झाली. काकू स्टँडवर उतरल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि घर नर्सरीच्या वाटेवरच होतं. दोन मिनिटं कुंड्या बघून जाऊ, म्हणून त्या घरात शिरल्या.

काका पुढे झाले. अंगावर धुतलेला सदरा, चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"बघ," ते म्हणाले. "एक देठ पडू दिला नाही मी. मांजराला दोनदा हाकललं, वाऱ्याला पुठ्ठा लावला. बारा होते, बारा आहेत."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. डोळा जगला की तो त्या जुन्या देठाला सोडून देतो. बोट लावताच देठ टपकन गळतो. डोळा मेला तर देठ त्याच्याशी चिकटून तिथेच वाळतो. काकू खाली बसल्या आणि एकेका देठाला बोट लावत गेल्या. पहिला चिकटलेला. दुसरा चिकटलेला. बाराच्या बारा, काळपट, वाळलेले, घट्ट.

"तुम्ही म्हणालात लागला!"

"कोण?"

"डोळा! फोनवर! मी विचारलं, तुम्ही म्हणालात चांगलाच लागला!"

"अगं, माझा लागला होता!" काका म्हणाले. "दुपारचा! मला वाटलं तू..."

काकू ओरडल्या नाहीत, तेव्हा ते खरे घाबरले. काकूंनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चपला न घालताच निघाल्या. काका मागून त्यांच्या चपला हातात घेऊन धावले. त्या गल्लीने त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

झाड पडलं होतं. फाटकाशी नुसता ओला बुंधा होता, आणि आजवर कधी न दिसलेली समोरच्या दुकानाची पाटी आता तिथून दिसत होती. फांद्या टेम्पोत भरून झाल्या होत्या आणि टेम्पो गुरगुरत बाहेर वळत होता. काकूंचा श्वास इतका लागला होता की शब्द फुटेना. तेव्हा काका, जे पलंग आणि जेवणाचं टेबल यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत, ते दोन्ही हात पसरून टेम्पोपुढे उभे राहिले. दोन्ही हातांत एकेक चप्पल.

"मारता की काय आजोबा?" ड्रायव्हर म्हणाला.

"फांद्या द्या," काका म्हणाले. "थोड्याच. बारीक. हिला विचारून."

काकूंनी टेम्पोवर चढून यंदाची कोवळी, हिरवी काडी निवडून निवडून कापली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळली. कापल्या काडीत दिवसभर तरी जीव असतो. धाकट्या मालकीणबाई धावत आल्या. काकूंनी त्यांना खरं काय ते एका दमात सांगितलं, आडपडदा न ठेवता. मालकीणबाई त्या बुंध्याकडे बघत राहिल्या. ते बघणं काकूंना सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन काकू कुंड्यांपुढे पाटावर बसल्या. खुंट शाबूत होते, दुसऱ्या अंगाने डोळे भरता येणार होते. हंगाम उतरत आला होता, पण गेला नव्हता. पहिल्या कुंडीची पट्टी त्यांनी सोडली आणि मेलेली चकती उपटून बाजूला टाकली. काकांनी ती उचलली. जन्माची खोड, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, चकती बघितली, मग वाकून खुंटावरची खाच बघितली.

"इथे फट होती," ते हळूच म्हणाले. "दोन्ही बाजूंनी. केसाएवढी."

"काय?"

"कडा कडेला भिडली नव्हती. तू भरत होतीस तेव्हाच दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?" काकू कडाडल्या. "मूग गिळून बसलात? माझं झाड गेलं!"

"तुझ्या कामात मी कधी बोललोय? एकदा गुलाबाला पाणी जास्त झालं म्हणालो, तर तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आणि तुला काय सांगायचं? डोळेवाल्या काकूंना दिसत नाही म्हणून?"

काकूंनी चाकू मांडीवर ठेवला. दोन वर्षं त्या ही गोष्ट स्वतःपासूनसुद्धा लपवत होत्या. सुई ओवायची वेळ आली की शिवण उद्यावर ढकलायची, भाजी निवडताना उजेड कमी आहे म्हणायचं, आणि नर्सरीत बोटांच्या सवयीवर निभावून न्यायचं. गुलाबाने चालवून घेतलं. मॅग्नोलियाने नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. फोनवरच्या घोटाळ्याचा राग काकांवर काढायची त्यांची पूर्ण तयारी होती, सगळ्या रस्त्याने त्या वाक्यं जुळवत आल्या होत्या. आता ती वाक्यं जागच्या जागी विरली. डोळे काकांनी मारले नव्हते.

"मला दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "जवळचं अजिबात दिसत नाही."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तुझ्या सुया दोन वर्षं मी ओवून ठेवतोय. तुला काय वाटलं, दुकानातून तशाच येतात?"

काकूंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने ठसका लागला. काकांनी पाणी दिलं. मग दोघं कामाला बसली. कापायचं काम काकूंचं, कारण तो तिरपा, एका झटक्याचा काप डोळ्याने नाही, मनगटाने होतो. बसवायचं काम काकांचं. त्यांनी भिंग लावलं, चिमटा घेतला आणि घड्याळात बारीक चाक बसवावं तशी चकती खाचेत बसवली. काकू "डावीकडे", "दाबू नका", "सुकेल, आटपा" असं सारखं बोलत होत्या आणि काका एकाही शब्दाचं उत्तर देत नव्हते. दोनचे चार कधी झाले ते त्यांना कळलं नाही. बारावी पट्टी गुंडाळून झाली तेव्हा त्यांची मान आखडली होती.

पुढचे पाच आठवडे घरात एक प्रश्न कुणी उच्चारला नाही. फोनवर लेकीने सहज "बाबांचा डोळा लागलाय का?" म्हटलं, तर काकू तिच्यावर खेकसल्या. कुंड्यांना पाणी दोघंही घालायला जात आणि दोघंही न बोलता परत येत. काकूंची भूक गेली होती. एकतीस वर्षांत त्यांनी हजारोंनी डोळे भरले, पण मेलेल्या झाडाचे कधी भरले नव्हते. हे बारा गेले तर मागे कापायला काही उरलं नव्हतं.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी धाकट्या मालकीणबाई स्वतः आल्या आणि मागच्या दारात उभ्या राहिल्या. काकूंनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"तुम्ही लावा," त्या काकांना म्हणाल्या.

"मी?"

"बसवलेत तुम्ही. हलकेच लावा."

काकांनी पहिल्या देठाला बोट लावलं. देठ हलला नाही. दुसरा नाही. तिसराही नाही. चौथ्या कुंडीशी काकूंनी तोंड फिरवलं.

"पडला," काका म्हणाले.

"तुम्ही ढकललात."

"नाही गं. नुसता शिवलो."

पाचवा चिकटलेला. सहावा पडला. सातवा पडला, आणि आता काका इतक्या मोठ्याने "पडला!" म्हणाले की शेजारच्या वहिनी काय पडलं, किती लागलं म्हणून धावत कुंपणाशी आल्या. मग दोन गेले. मग एक पडला. अकरावा गेला. बाराव्याशी काका थांबले, सदऱ्याला बोट पुसलं, आणि शिवले. देठ कुंडीतल्या मातीवर पडला.

"पाच," मालकीणबाई म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. "काकू, पाच! कसे भरलेत हो?"

"कापले मी," काकू म्हणाल्या. "बसवले यांनी. मला दिसत नाही."

हे वाक्य घराबाहेरच्या माणसासमोर म्हणायला त्यांना दोन वर्षं लागली होती. म्हणून झाल्यावर त्यांनी बाराव्या कुंडीपुढे बसून डोळ्यावरून बोट फिरवलं. तांदळाएवढा, फुगलेला, गार. दिसत मात्र होता नुसता एक धुरकट ठिपका.

"याला फूल यायला किती वर्षं?" काकांनी विचारलं. "पुन्हा सोळा?"

"नाही हो. भरलेल्याला तीन, फार तर चार."

"बरं."

काकू उठल्या. पदराला हात पुसले.

"तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. उद्याची वेळ घ्या."

"उद्याची? पाच आठवडे विनवतोय मी! परवापर्यंत तर तू..."

"उद्याची. चार वर्षांनी तुम्ही इथे उभे राहून मला सांगणार, पिवळं आहे, देठाशी गुलाबी आहे, आणि मी 'हो का' म्हणणार? ते मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाहीये. मला बघायचंय."

काका नंबर शोधायला आत गेले.